तिसऱ्या फोनप्रणालीला वाव आहे काय? : इंदूरच्या उदाहरणावरून एक अभ्यास

प्रास्ताविक

खेड्यातील शेतकऱ्यापासून जिल्हा कचेरीतील अधिकाऱ्यापर्यंत आज असंख्य लोकांच्या हाती स्मार्टफोन आला आहे. फोन घेताना त्याची किंमत, बॅटरी आणि कॅमेरा यांची चौकशी केली जाते. त्या फोनच्या आत चालणारी मूळ प्रणाली कोणाची, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. विचारण्याचे कारणही पडत नाही, कारण निवड जवळजवळ उरलेलीच नाही. भारतात वापरात असलेल्या शंभर स्मार्टफोनांपैकी नव्वदांहून अधिक फोन गुगल कंपनीच्या अँड्रॉइड प्रणालीवर चालतात व उरलेले बहुतेक ॲपल कंपनीच्या आयफोनचे असतात.

या दोन बलाढ्य प्रणालींसमोर एखादी दुबळी किंवा नवी प्रणाली टिकू शकेल काय, हा प्रस्तुत पाठाचा विषय आहे. वरकरणी हा कंपन्यांच्या चढाओढीचा प्रश्न वाटतो. परंतु पैशांची देवघेव, शिष्यवृत्तीचा अर्ज, पिकांची नोंद, नगरपालिकेकडील तक्रार अशी कितीतरी कामे आता फोनवरून होतात. ज्याच्या हातातील प्रणाली मागे पडते, त्याची ही कामेही अडतात. यास्तव हा प्रश्न नागरिकांचा व शासनाचाही आहे.

अभ्यासासाठी इंदूर शहर निवडण्याचे कारण असे की, हे माळव्यातील व्यापाराचे प्रमुख केंद्र असून होळकरांच्या काळापासून तेथे मराठी वस्ती आहे. हिंदी आणि मराठी या दोन्ही भाषांत व्यवहार करणारी कुटुंबे तेथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. शिवाय दोन मापांच्या झगड्यात एक माप कसे मागे पडते, याचा धडा या शहराच्या रेल्वेने फार पूर्वीच दिलेला आहे.

१. प्रणाली म्हणजे काय?

फोनचे सुटे भाग आणि वापरणारा माणूस यांच्यामध्ये काम करणाऱ्या मूळ आज्ञावलीस कार्यप्रणाली असे म्हणतात. पडद्यावर अक्षरे दाखविणे, बोटाचा स्पर्श ओळखणे, संदेश साठविणे ही कामे ती करते. तिच्यावर वेगवेगळ्या कामांसाठी ज्या छोट्या आज्ञावल्या बसविल्या जातात त्यांना ॲप म्हणतात. एका प्रणालीसाठी लिहिलेले ॲप दुसऱ्या प्रणालीवर सहसा जसेच्या तसे चालत नाही, ते पुन्हा तयार करावे लागते.

म्हणजेच प्रणाली ही बाजारपेठेसारखी असते. बाजारात गिऱ्हाईक हवे, माल आणणारा हवा आणि ओटे बांधून देणाराही हवा. फोन वापरणारे लोक हे गिऱ्हाईक, ॲप तयार करणारे हे माल आणणारे आणि फोन बनविणारे कारखानदार हे ओटे बांधून देणारे होत. तिघांपैकी एकाने पाठ फिरविली की बाजार उठतो.

२. इंदूरच्या रुळांचा धडा

इ. स. १८७० मध्ये महाराजा तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी इंदूरला रेल्वे यावी म्हणून ब्रिटिश सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ देण्याचे मान्य केले. त्यातून खांडवा ते इंदूर ही होळकर स्टेट रेल्वे त्या दशकात बांधली गेली. मुंबईहून जबलपूरकडे जाणारा खांडव्याचा मार्ग ब्रॉडगेज, म्हणजे १.६७६ मीटर रुंदीचा होता. इंदूरची वाट विंध्याच्या घाटातून असल्याने व खर्चाची काटकसर आवश्यक असल्याने तेथे एक मीटर रुंदीचे मीटरगेज रूळ घालण्यात आले.

मीटरगेज हे वाईट माप नव्हते. ते स्वस्त होते आणि घाटातील वळणांना सोयीचे होते. पुढे हा मार्ग रतलाम व अजमेरपर्यंत जोडला गेला आणि कालांतराने खांडव्याच्या दक्षिणेस अकोला व पूर्णेकडेही त्याच मापाचे रूळ गेले. जोपर्यंत शेजारी त्याच मापाचे मार्ग होते, तोपर्यंत इंदूरच्या गाडीला दूरवर जाता येत होते. अडचण फक्त खांडव्यासारख्या जंक्शनवर येई. तेथे एका गाडीतील माल उतरवून दुसऱ्या मापाच्या गाडीत भरावा लागे, आणि त्यात वेळ, मजुरी व नासाडी यांचा भार पडे.

भारतीय रेल्वेने १९९२ पासून देशभर एकच माप करण्याचे धोरण स्वीकारले. शेजारचे मार्ग एकामागून एक ब्रॉडगेज झाले. माळव्यातील मीटरगेजचा मार्ग त्यामुळे खालच्या प्रतीचा झाला नव्हता, तो एकटा पडला होता. त्याचे रूळ कालच्याइतकेच मजबूत होते, पण त्यांवरून जाता येईल अशी ठिकाणे कमी होत गेली. अखेरीस महूजवळील पाताळपाणी ते कालाकुंड या घाटातील टप्प्यावर २०१८ च्या अखेरीस वारसा-गाडी सुरू करण्यात आली. निसर्ग पाहण्यासाठी लोक तीतून प्रवास करू लागले. सर्वत्र हरलेले माप एका ठिकाणी उपयोगी ठरले, कारण तेथे त्याला प्रतिस्पर्धी नव्हता.

फोनप्रणालींच्या इतिहासात हीच गोष्ट पुन्हा घडलेली दिसते. फरक इतकाच की, रेल्वेला जे बदल घडण्यास शंभर वर्षांहून अधिक काळ लागला, ते येथे दहा वर्षांत घडले.

३. दुष्टचक्राचा हिशेब

दुबळी प्रणाली अधिकाधिक दुबळी का होत जाते, हे पुढील कल्पित उदाहरणावरून वर्गात समजावून देता येईल.

समजा, इंदूरमधील एका लहान संस्थेने मंडीतील भाव कळविणारे ॲप तयार केले. एका प्रणालीसाठी ते तयार करण्यास ५ लाख रुपये लागतात. परिसरातील फोनधारकांपैकी ९५,००० लोकांकडे पहिली, ४,००० लोकांकडे दुसरी आणि १,००० लोकांकडे तिसरी प्रणाली आहे. पहिल्या प्रणालीवर दरमाणशी खर्च सुमारे ५ रुपये २६ पैसे येतो. दुसरीवर तो १२५ रुपये होतो आणि तिसरीवर ५०० रुपये.

संस्था तिसऱ्या प्रणालीसाठी ॲप करण्याचे टाळील हे उघड आहे. ॲप नाही म्हणून गिऱ्हाईक ती प्रणाली घेणार नाही. गिऱ्हाईक नाही म्हणून पुढील संस्थाही ॲप करणार नाही. दुकानदार असे फोन ठेवण्याचे सोडील, आणि दुरुस्ती करणारा कारागीर त्याचे सुटे भाग बाळगणार नाही. या फेऱ्यात कोणीही प्रणालीचा द्वेष करीत नाही. प्रत्येक जण आपापल्या हिशेबाने शहाणपणानेच वागतो, आणि सर्वांच्या शहाणपणाची बेरीज त्या प्रणालीच्या मुळावर येते.

येथे एक शंका निघू शकते. दुसऱ्या प्रणालीचेही गिऱ्हाईक थोडेच आहे, मग तिच्यासाठी ॲप का तयार होतात? आयफोनचे ग्राहक सामान्यतः अधिक खर्च करणारे असतात आणि अनेक श्रीमंत देशांत त्यांची संख्या मोठी आहे, हे त्याचे उत्तर होय. सबब केवळ डोकी मोजून भागत नाही. गिऱ्हाईक किती आहे याबरोबरच ते कसे आहे, हेही पाहावे लागते.

४. भारतात झालेले प्रयत्न

फोनची मोठी व वाढती मागणी असल्यामुळे गेल्या दशकात भारत ही तिसऱ्या प्रणालींची कसोटीची भूमी ठरली. त्यांतील पाच प्रयत्न अभ्यासण्याजोगे आहेत.

(अ) विंडोज फोन : नोकिया हे नाव एके काळी भारतात भ्रमणध्वनीचा पर्याय-शब्द झाले होते. फेब्रुवारी २०११ मध्ये नोकियाने आपली जुनी सिंबियन प्रणाली मागे ठेवून मायक्रोसॉफ्टच्या विंडोज फोनशी हातमिळवणी केली. मायक्रोसॉफ्टने एप्रिल २०१४ मध्ये नोकियाचा फोन-व्यवसाय विकत घेतला. पैशांची, कौशल्याची किंवा नावाची येथे उणीव नव्हती. उणीव होती ती ॲपांची. यूट्यूबच्या ॲपवरून मायक्रोसॉफ्ट व गुगल यांच्यात २०१३ मध्ये उघड वाद झाला, आणि लोकांना हव्या असलेल्या अनेक सेवा तेथे उशिरा आल्या किंवा आल्याच नाहीत. जुलै २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने ७६० कोटी डॉलर बुडीत खाती टाकले. प्रणालीची देखभाल २०१९-२० च्या सुमारास संपली आणि व्हॉट्सॲपनेही २०१९ अखेर तिची साथ सोडली. दरम्यान तामिळनाडूतील श्रीपेरुंबुदूर येथील नोकियाचा कारखाना नोव्हेंबर २०१४ मध्ये बंद पडला होता. त्यामागे करविषयक तंट्याचाही भाग होता, तरी कंपनीच्या उतरत्या काळाची झळ कामगारांना किती बसते हे त्यावरून दिसते.

(आ) फायरफॉक्स ओएस आणि टायझन : ऑगस्ट २०१४ मध्ये फायरफॉक्स प्रणालीवरील इंटेक्स कंपनीचा फोन १,९९९ रुपयांत विक्रीस आला. जानेवारी २०१५ मध्ये सॅमसंगने टायझन प्रणालीवरील फोन ५,७०० रुपयांना प्रथम भारतातच आणला. दोन्ही प्रणालींचा भर स्वस्ताईवर होता. परंतु स्वस्त अँड्रॉइड फोनही त्याच काळात बाजारात उतरले व स्वस्ताईचे वेगळेपण संपले. फायरफॉक्सचे फोनविषयक काम २०१५ च्या अखेरीस आवरते घेण्यात आले. टायझनही फोनमधून मागे सरली, मात्र सॅमसंगच्या दूरचित्रवाणी संचांमध्ये तिला कायमची जागा मिळाली. पाताळपाणीच्या गाडीप्रमाणे तिलाही आपला घाट सापडला, असे म्हणता येईल.

(इ) इंडस ओएस : मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतून शिकून बाहेर पडलेल्या राकेश देशमुख, आकाश डोंगरे आदी तरुणांनी ही प्रणाली उभी केली. तिचा पाया अँड्रॉइडचाच होता, पण तीत मराठीसह अनेक भारतीय भाषा होत्या. पडद्यावर बोट फिरवून इंग्रजी मजकूर आपल्या भाषेत किंवा लिपीत आणण्याची सोय तिने दिली. ई-मेल पत्ता नसतानाही ॲप घेता येत असे. इंदूरसारख्या द्विभाषी शहरातील मराठी घरांना अशा सोयीचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. २०१५ पासून मायक्रोमॅक्ससारख्या भारतीय कंपन्यांच्या फोनांत ती येऊ लागली. पुढे भारतीय कंपन्यांचा बाजार चिनी कंपन्यांनी काबीज केला, आणि भारतीय भाषांतील टंकलेखनाची सोय गुगलनेही देऊ केली. इंडसने तेव्हा मार्ग बदलून ॲप-दुकानावर लक्ष दिले. २०२२ मध्ये फोनपेने ती विकत घेतली. २१ फेब्रुवारी २०२४ रोजी इंग्रजीबरोबर १२ भारतीय भाषांत चालणारे इंडस ॲपस्टोअर सुरू करण्यात आले.

(ई) कायओएस : फायरफॉक्स प्रणाली बंद पडली तरी तिची आज्ञावली सर्वांना खुली होती. तिच्यातूनच बटणांच्या साध्या फोनसाठी कायओएस निर्माण झाली. जुलै २०१७ मध्ये रिलायन्सने जिओफोनची घोषणा केली. १,५०० रुपये अनामत, स्वस्त इंटरनेट आणि २२ भारतीय भाषांची सोय असा तो बेत होता. २०१८ मध्ये भारतातील वापरात या प्रणालीने आयफोनलाही मागे टाकले. सप्टेंबर २०१८ मध्ये तिच्यावर व्हॉट्सॲप आले. पाचही प्रयत्नांत संख्येच्या दृष्टीने सर्वांत यशस्वी ठरलेला प्रयत्न हाच. त्याचे कारण असे की, पडद्याला स्पर्श करून चालणारा फोन ज्यांना परवडत नव्हता, त्यांच्यापर्यंत दोन्ही बलाढ्य प्रणाली पोहोचल्याच नव्हत्या. परंतु नोव्हेंबर २०२१ मध्ये आलेला जिओचा पुढील फोन अँड्रॉइडवर आधारलेला होता. जून २०२४ पासून कायओएसच्या नव्या ग्राहकांना व्हॉट्सॲप मिळणे बंद झाले.

(उ) भारोस : मद्रासच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या छत्राखाली जानेवारी २०२३ मध्ये ही प्रणाली जाहीर झाली. गोपनीयतेची विशेष गरज असलेल्या संस्थांसाठी ती योजलेली आहे. सर्वसामान्य बाजारात न उतरता मर्यादित क्षेत्र निवडणे, हे वरील इतिहास पाहता विचारपूर्वक टाकलेले पाऊल म्हणावे लागेल.

५. कराराच्या भिंती व कायदा

दुष्टचक्राखेरीज आणखी एक अडथळा असतो. तो करारांचा होय. अँड्रॉइडची मूळ आज्ञावली खुली आहे, पण गुगलचे ॲप-दुकान, नकाशे इत्यादी सेवा फोनमध्ये हव्या असतील तर कारखानदारास गुगलशी करार करावा लागतो. अँड्रॉइडमध्ये फेरफार करून निघालेल्या अन्य प्रणालीचे फोन बनवू नयेत, असे बंधन अशा करारांत होते. त्यामुळे नव्या प्रणालीला कारखानदारच मिळणे कठीण झाले.

भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी या प्रकरणी गुगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला व असे निर्बंध दूर करण्याचे निर्देश दिले. जानेवारी २०२३ मध्ये गुगलने भारतापुरते काही बदल जाहीर केले. मार्च २०२३ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, परंतु आयोगाच्या दहा निर्देशांपैकी चार रद्द केले. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले.

यावरून कायद्याचे सामर्थ्य व मर्यादा दोन्ही ध्यानात येतात. कायदा वाटेतील भिंत पाडू शकतो. वाटेने गिऱ्हाईक आणणे त्याच्या हाती नसते.

६. टिकण्याच्या अटी

चीनचे उदाहरण येथे विचारात घेतले पाहिजे. अमेरिकेने २०१९ मध्ये निर्बंध घातल्यावर ह्वावे कंपनीला गुगलच्या सेवा मिळेनाशा झाल्या. तिने हार्मनी ही स्वतःची प्रणाली उभी केली व २०२४ मध्ये अँड्रॉइडचे ॲप न चालविणारी तिची आवृत्तीही काढली. मात्र चीनमध्ये गुगलच्या सेवा पूर्वीपासूनच उपलब्ध नव्हत्या, गिऱ्हाईक प्रचंड होते, आणि फोन बनविणारी कंपनी व प्रणाली बनविणारी कंपनी एकच होती. ही परिस्थिती अन्यत्र सहसा आढळत नाही.

या सर्व उदाहरणांवरून तिसऱ्या प्रणालीच्या टिकावाच्या चार अटी सांगता येतात.

१) बलाढ्य प्रणालींनी दुर्लक्षिलेला ग्राहक किंवा क्षेत्र तिने शोधले पाहिजे.
२) तिचे वैशिष्ट्य सहज नक्कल करता येण्याजोगे नसावे. स्वस्ताई आणि भाषा या दोन्ही गुणांची नक्कल होऊ शकली, हे वर दिसलेच आहे.
३) रोजच्या गरजेची मोजकी ॲप तिच्यावर पहिल्या दिवसापासून असली पाहिजेत. हजारो निरुपयोगी ॲपांपेक्षा निरोप, पैसे आणि शासकीय सेवा या तीन गोष्टी अधिक मोलाच्या ठरतात.
४) फोन बनविणाऱ्या किमान एका मोठ्या कारखानदाराची दीर्घकाळ साथ तिला हवी.

चारही अटी एकत्र क्वचितच जुळतात. म्हणून सर्वसाधारण बाजारात समोरासमोरच्या झुंजीत तिसरी प्रणाली जिंकणे आजच्या परिस्थितीत फार अवघड आहे, मर्यादित क्षेत्रात ती टिकणे शक्य आहे, असा निष्कर्ष निघतो.

७. शासकीय सेवांसाठी बोध

इंदूर महानगरपालिकेने नागरिकांच्या तक्रारींसाठी ‘इंदूर ३११’ हे ॲप चालविले आहे. महाराष्ट्रातील नगरपालिका व शासकीय खातीही अशी ॲप चालवितात. ॲपमुळे काम सोपे होते यात शंका नाही. परंतु सेवा केवळ ॲपवरच मिळू लागली, तर ज्याचा फोन साधा आहे किंवा ज्याची प्रणाली मागे पडली आहे, तो नागरिक सेवेच्या बाहेर राहतो.

कोरोनाच्या साथीत याचा प्रत्यय आला. आरोग्य सेतू हे ॲप २ एप्रिल २०२० रोजी अँड्रॉइड व आयफोनसाठी निघाले. जिओफोनधारकांना ते मेच्या मध्यास, म्हणजे सुमारे सहा आठवड्यांनी मिळाले. मात्र त्याच महिन्यात साध्या फोनसाठी १९२१ या क्रमांकावर दूरध्वनी-सेवाही सुरू करण्यात आली, ही बाब अनुकरणीय होय. पैशांच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने ८ मार्च २०२२ रोजी साध्या फोनधारकांसाठी यूपीआय १२३पे ही सोय आणली. खांडव्याला माल उतरवून पुन्हा भरण्याचे काम हमाल करीत. दोन मापांमधील ते काम येथे अशा सेवा करतात, आणि त्यांच्यामुळे नागरिकाला प्रणाली बदलण्याची सक्ती राहत नाही.

यास्तव पुढील गोष्टी इष्ट वाटतात. प्रत्येक शासकीय ॲपबरोबर तीच सेवा कोणत्याही फोनवर उघडता येईल अशा संकेतस्थळावर, दूरध्वनीवर आणि कार्यालयातील खिडकीवरही मिळावी. नवे ॲप काढण्यापूर्वी त्या भागातील लोकांकडे कोणते फोन आहेत याची पाहणी व्हावी. नागरिकांनी फोन घेताना त्याची प्रणाली किती वर्षे अद्ययावत होत राहील, हे दुकानदारास अवश्य विचारावे, आणि जुन्या प्रणालीवरील छायाचित्रे, पत्ते व कागदपत्रे वेळीच दुसरीकडे उतरवून ठेवावीत. ब्लॅकबेरीच्या जुन्या फोनांच्या सेवा ४ जानेवारी २०२२ रोजी बंद झाल्या तेव्हा सुस्थितीतील फोनही निकामी झाले होते.

तिसरी प्रणाली जिंको अथवा हरो, ती घेणारा नागरिक मात्र त्यामुळे हरता कामा नये. कंपन्यांची चढाओढ बाजार पाहून घेईल. नागरिकाची वाट मोकळी ठेवणे हे सार्वजनिक सेवेचे काम आहे.

अभ्यासासाठी प्रश्न

१) मीटरगेज मार्ग आणि मागे पडलेली फोनप्रणाली यांतील साम्य व फरक सांगा.
२) विभाग ३ मधील हिशेबात तिसऱ्या प्रणालीचे ग्राहक १,००० ऐवजी २०,००० असते, तर दरमाणशी खर्च किती झाला असता? त्यामुळे संस्थेचा निर्णय बदलला असता काय?
३) इंडस ओएस आणि कायओएस यांच्या वैशिष्ट्यांची तुलना करा. कोणत्या वैशिष्ट्याची नक्कल करणे सोपे होते?
४) आपल्या गावातील वीस घरांत कोणत्या प्रकारचे फोन आहेत याची पाहणी करा व कोणत्या शासकीय सेवा त्यांवर मिळत नाहीत त्यांची यादी तयार करा. ही यादी ग्रामसभेपुढे ठेवता येईल.